दोन बोटांचं माप

“श्वास असा कोंडून धरू नकोस. गिऱ्हाईक उभं राहतं तसा सरळ उभा राहा,” मास्तर म्हणाले.

धाकटा सरळ उभा राहिला, पण गिऱ्हाईकासारखा काही त्याला राहता येईना. गिऱ्हाईक आरशात बघतं. हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे डोळे लावून उभा होता, जणू निकाल तिथूनच जाहीर होणार होता. रविवार असल्यामुळे दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. आत धाकट्याची आई स्टुलावर बसून कुणाच्या तरी शर्टाची काजं करत होती, म्हणजे हातात शर्ट होता आणि लक्ष सगळं टेपकडे होतं.

मास्तरांनी टेप उलटी केली. त्या बाजूचे आकडे त्यांनी चौतीस वर्षांत क्वचितच वाचले असतील, कारण शर्टाचं जग इंचात चालतं. पण लष्कराला सेंटिमीटर लागतात. भरतीच्या कागदावर स्वच्छ छापलेलं होतं : छाती किमान ऐंशी, फुगवून पंच्याऐंशी. त्यांनी टेप पोराच्या काखेखालून फिरवली, पुढे आणली, जुळवली. हे करायला त्यांना डोळे लागत नसत. हात आपोआप चालत.

“ब्याऐंशी,” ते म्हणाले. “आता फुगव.”

धाकट्यानं फुगवली.

“सत्त्याऐंशी.”

त्यांनी पुन्हा एकदा बघितलं, कारण आकडा त्यांच्या विरुद्ध होता. मग तिसऱ्यांदा बघितलं. दुसरा कुणी असता तर दोन-तीन सेंटिमीटर जिभेखाली सहज दाबून टाकले असते. पण मास्तरांची टेप खोटं बोलत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि त्या दिवशी नेमकं तेच त्यांच्या मुळावर आलं.

ही मापाची बोली त्यांचीच होती. शाळेची शेवटची परीक्षा झाल्यापासून घरात एकच विषय चालू होता, आणि त्या विषयाचे शब्दही दोनच होते : आधी आणि नंतर. धाकटा म्हणायचा, आधी लष्कर, नंतर कॉलेज. नोकरी करता करताही पदवी घेता येते, लंब्याच्या चुलतभावानं घेतली. लंब्या म्हणजे त्याचा मित्र. पहिलीपासून एका बाकावर बसलेला आणि आता त्याच्यापेक्षा वीतभर वर गेलेला. मास्तर म्हणायचे, आधी कॉलेज, नंतर काय हवं ते. कारण ‘नंतर’ हा शब्द त्यांनी स्वतः वापरून पाहिला होता. चौदाव्या वर्षी शाळा सोडून मशीनवर बसले तेव्हा त्यांच्या काकांनी समजूत घातली होती की शिक्षण काय, नंतरही घेता येतं. ते ‘नंतर’ अजून यायचं होतं.

हे कारण ते मोठ्यानं सांगायचे. दुसरं एक कारण होतं, ते सांगायचे नाहीत. मोठी मुलगी लग्न होऊन लांब गेल्यापासून घरात आवाज असा या एकाच पोराचा उरला होता.

धाकट्याला लष्करात का जायचंय, हे त्यानं एकदाच सांगितलं होतं. “मला उघड्यावर काम करायचंय, बाबा,” तो म्हणाला होता. आठ बाय बाराच्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये लहानाचा मोठा झालेला पोरगा. मास्तरांना त्याचा राग आला नाही. वाईट मात्र वाटलं, आणि ते त्यांनी मशीनचं पायडल जोरात हाणून घालवलं.

शेवटी रोजच्या वादाला कंटाळून त्यांनीच तोड काढली. कागदावरच्या सगळ्या अटींत बसलास तर जा, मी अडवणार नाही. एकाही अटीत कमी पडलास, तर आधी कॉलेज. धाकट्यानं हातावर हात मारला. उंची दाराच्या चौकटीवर मोजून झाली होती, धावण्यात त्याला गल्लीतली कुत्रीही गाठू शकत नव्हती. संशय होता तो छातीचाच. पोरगा पहिल्यापासून अंगानं किरकोळ. मास्तर मनातून निर्धास्त होते.

आणि आता ब्याऐंशी.

“म्हणजे गुरुवारी मी जातोय,” धाकटा म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

“जा,” मास्तर म्हणाले. “शब्द दिलाय.”

बुधवारी चार वाजेपर्यंत कॉलेजात जाऊन जागा पक्की करायची होती. गुरुवारी सकाळी मैदानावर भरती होती. कॉलेजच्या कागदांची फाइल त्याच दिवशी कपाटावर गेली. धाकट्याच्या आईनं काही बोलायला तोंड उघडलं आणि नवऱ्याचा चेहरा बघून मिटलं. तिचं मत तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती की दोन्ही नको, इथंच राहा.

मंगळवारी दुपारी बसचा एक ड्रायव्हर दुकानात आला. कंबर धरलेली, चालणं तिरकं. डॉक्टरांनी पाठीला आधाराचा पट्टा सांगितला होता. बाजारातला पट्टा पोटावर चढायचा, म्हणून त्याला जाड कापडाचा शिवून हवा होता. मास्तरांनी टेप कमरेभोवती फिरवली, पुढे आणली, जुळवली.

“मास्तर, बोटं काढा,” ड्रायव्हर म्हणाला.

“काय?”

“बोटं हो. टेपच्या आत घातलीत ती. डॉक्टर म्हणालेत, माप अगदी अंगाला लावून घ्या. सैल झाला तर पट्ट्याचा उपयोग नाही.”

मास्तरांनी खाली बघितलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं टेपच्या आत होती. असणारच. शर्ट असो, सदरा असो, कोट असो, टेपच्या आत दोन बोटं घालूनच माप घ्यायचं, म्हणजे माणसाला वाकता येतं, बसता येतं, जेवल्यावर बटण तुटत नाही. उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यात काकांनी हातावर पट्टी मारून शिकवलं होतं ते. त्यानंतर ती बोटं आत जातात हे मास्तर विसरूनही गेले होते.

त्यांनी ड्रायव्हरचं माप अंगाला लावून घेतलं, त्याला शनिवारी यायला सांगितलं, आणि तो गेल्यावर शटरच्या आड जाऊन स्वतःची छाती मोजली. आधी बोटं घालून, मग काढून. तीन सेंटिमीटरचा फरक. ब्याऐंशीतून तीन गेले की किती उरतात, हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

पहिल्यांदा जे त्यांच्या मनात आलं, ते त्यांनी आयुष्यात पुढे कुणालाच सांगितलं नसतं, जर त्यांना कुणी विचारलं नसतं. त्यांना आनंद झाला. मग तो आनंद जसा आला तसा सरला. कारण बोलायचं तर होतंच. गप्प राहिलं तर पोरगा उद्या कॉलेज सोडणार, परवा मैदानावर सगळ्यांदेखत रांगेतून बाहेर काढला जाणार, आणि वर्ष हातचं जाणार ते जाणारच. पण बोलायचं तर कुणी? ज्याला पोरानं जायलाच नको होतं, त्या बापानं. तेही शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. खरं सांगायचं आणि ते नेमकं आपल्याच सोयीचं असायचं, याच्यासारखी अडचण नाही.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगितलं. बोटांचं सांगितलं, ड्रायव्हरचं सांगितलं, तीन सेंटिमीटरचं सांगितलं. ऐकता ऐकता धाकट्याचा घास हातातच राहिला.

“आज?” तो म्हणाला. “उद्या शेवटची तारीख, आणि हे तुम्हाला आज आठवलं?”

“आठवलं नाही रे. कळलं. ऊठ, पुन्हा माप घेऊ.”

“नको. आता तुम्ही टेप ओढून सत्तरसुद्धा दाखवाल.”

धाकट्याची आई म्हणाली, “अरे, बापाशी बोलतोयस.” पण हळू म्हणाली, कारण तिलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

चौतीस वर्षांत लोकांनी मास्तरांच्या शिलाईला नावं ठेवली होती, उशिराला ठेवली होती, एका बाईनं तर दुकानातल्या पंख्यालाही ठेवली होती. टेपला कुणी ठेवली नव्हती. ताटातलं त्यांनी संपवलं, हात धुतले, आणि टॉवेलला हात पुसता पुसता म्हणाले, “माझ्याकडून नको घेऊस. समोरच्याकडून घे.”

हे वाक्य त्या घरात किती मोठं होतं, ते सांगायला हवं. मास्तरांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आणखी एक टेलर होता. मास्तर त्याला ‘समोरचा’ म्हणत. तोही मास्तरांना ‘समोरचा’च म्हणे. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी शिवलेला एक कोट कुणीतरी दुरुस्तीला त्याच्याकडे नेला, तेव्हा तो गिऱ्हाइकाला म्हणाला होता, “ही कॉलर टेलरनं बसवलीय की सुतारानं?” रस्ता अरुंद. वाक्य सात मिनिटांत पलीकडे पोचलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच वेळी शटर उघडायची, एकाच वेळी पाडायची आणि नजर मात्र टाळायची, ही कसरत त्यांनी अकरा वर्षं निभावली होती.

बुधवारी सकाळी धाकटा रस्ता ओलांडून गेला. मास्तरांनी शिवणात डोकं घातलं, म्हणजे निदान तसं दाखवलं. काचेतून त्यांना सगळं दिसत होतं. समोरच्यानं पोराला आपादमस्तक न्याहाळलं. काहीतरी विचारलं. मग गळ्यातली टेप काढली, ती काखेखालून फिरवली, पुढे आणली, जुळवली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला.

पाच मिनिटांत धाकटा परत आला. त्याच्या हातात चिठ्ठी होती. “ब्याऐंशी,” तो म्हणाला. “लिहून दिलंय.” चिठ्ठी त्यानं मशीनवर ठेवली. “बाबा, तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं मला.”

आणि तो धावायला निघून गेला. दुसऱ्या दिवशीच्या धावण्याचा शेवटचा सराव करायचा होता त्याला.

धाकट्याच्या आईनं नवऱ्याकडे बघितलं. “खरं सांगा,” ती म्हणाली, “तुम्ही खोटं बोललात का?”

“नाही गं.”

“मग तो कसा ब्याऐंशी म्हणतो?”

“कारण तोही टेलर आहे,” मास्तर म्हणाले, आणि चप्पल पायात सरकवून रस्त्यावर उतरले.

अकरा वर्षांत तो रस्ता त्यांनी भाजीसाठी ओलांडला होता, औषधासाठी ओलांडला होता, पण त्या दुकानाच्या दिशेनं कधी नाही. पायरीवर पाय ठेवताना त्यांना आपण भर वर्गात शिक्षकांनी फळ्याकडे बोलावलेल्या पोरासारखे दिसत असणार असं वाटलं. समोरच्यानं मान वर केली. चष्मा कपाळावर चढवला.

“माझं माप चुकत नाही,” तोच आधी म्हणाला. म्हणजे त्यालाही सगळं दिसत होतं.

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले. “म्हणूनच चुकलं.”

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बोली काय ठरली, तारीख कोणती, ड्रायव्हर काय म्हणाला. समोरचा आधी ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. बोटांचं आलं तेव्हा त्यानं मुकाट्यानं टेप उचलली आणि ती स्वतःच्या छातीभोवती गुंडाळली. एकदा. मग बोटं काढून पुन्हा एकदा. मग तो गल्ल्यामागच्या खुर्चीत बसला.

“चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात,” तो म्हणाला. “एवढी माणसं येऊन गेली, आणि एकाचीही नुसती छाती आपण मापली नाही. शर्टच मापला.”

“माझं पोर माझ्यावर विश्वास ठेवत नाही,” मास्तर म्हणाले. बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून. आणि डोळ्यांत पाणी आलं, तेही त्या माणसासमोर, ज्याच्यासमोर कधी शिंकायचंसुद्धा नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं.

समोरच्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. तेवढा सराव त्याला अकरा वर्षांत झालेला होता. “चला,” तो म्हणाला, आणि टेप गळ्यात टाकली.

धाकटा घामानं निथळत परत आला तेव्हा दोघं मास्तरांच्या दुकानात शेजारी शेजारी बसलेले होते. दोघांच्या हातांत धाकट्याच्या आईनं केलेल्या चहाचे कप होते, आणि दोघं अवघडून दोन वेगळ्या दिशांना बघत होते. पोरगा दारातच थबकला. अकरा वर्षांत हे दृश्य त्यानं पाहिलं नव्हतं.

समोरचा उठला. “शर्ट काढ,” तो म्हणाला. “सकाळी माझी पण बोटं आत होती. बघ, ही. आता बोटं टेपच्या बाहेर ठेवतो, तूच बघ आत काही आहे का. आणि तुझ्या बापाबद्दल अकरा वर्षांत मी एक शब्द चांगला बोललेलो नाही. तेव्हा मी काही त्याच्या बाजूनं खोटं बोलणार नाही, एवढं तरी मान.”

टेप अंगाला लागली. धाकट्यानं मान वाकवून स्वतःच आकडा वाचला. एकोणऐंशी. फुगवून चौऱ्याऐंशी. त्यानं घाम पुसला आणि पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः टेप धरली, आणि ती जरा सैल धरली तर काय होतं तेही करून पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडे बघताहेत, आणि त्यानं टेप परत दिली.

समोरचा जाताना मास्तरांच्या पाठीवर थोपटल्यासारखं करून गेला. हात पाठीपर्यंत पोचला नाही, पण निघाला होता एवढं नक्की.

धाकटा शर्ट घालायला लागला. बटणं एक घर चुकून लागली. आईनं पुढे होऊन ती काढली आणि पुन्हा नीट लावली, जसं तो सहा वर्षांचा असताना लावायची. एरवी त्यानं लावू दिली नसती.

मास्तरांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. कॉलेज आधी, हे ते दोन महिने कंठशोष करून सांगत होते, आणि आता ते घडत होतं. पण पोराची मान अशी खाली गेलेली त्यांनी कधी बघितली नव्हती. पहिल्या धावण्याच्या शर्यतीत तो पडून शेवटचा आला होता, तेव्हाही नाही.

“एकच सेंटिमीटर आहे,” ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. “मोजणाऱ्याचा हात जरा सैल असला तर बसशीलही तू. जायचं तर जा उद्या. बोली मी सोडली.”

धाकट्यानं वर बघितलं. पोरगा हुशार होता. हे म्हणणं बापाला किती जड गेलं असेल ते त्याला समजलं असावं, कारण सकाळपासूनचा त्याच्या चेहऱ्यावरचा ताठा तिथेच उतरला.

“तुम्ही सोडली,” तो म्हणाला, “पण मी हातावर हात मारला होता.”

त्यानं स्टूल घेतलं, कपाटावरची फाइल काढली, तिच्यावरची धूळ शर्टाला पुसली आणि तो गेला. तो खरंच कॉलेजातच जाणार की आणखी कुठे, हे मास्तरांनी विचारलं नाही. दुपारभर त्यांनी एक बाही तीन वेळा उसवली. धाकट्याची आई दर दहा मिनिटांनी दारापर्यंत जाऊन येत होती आणि दर वेळी काहीतरी आणायला गेल्याचं दाखवत होती.

साडेतीनला तो आला. पावती आईच्या हातात दिली. “तीन वर्षं,” तो म्हणाला. “तीन वर्षांनी वयात बसतो मी. तोवर छाती वाढवीन. आणि तेव्हा तुम्ही काही अट घालायची नाही.”

“नाही घालणार,” मास्तर म्हणाले.

तो खाली कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. बराच वेळ रिकामं दोऱ्याचं रीळ हातात फिरवत राहिला. मग त्यानं विचारलं, “काल तुम्हाला कळलं, तेव्हा बरं वाटलं का, बाबा?”

धाकट्याची आई काही तरी सांगून विषय फिरवणार होती. मास्तरांनी हातानं थांबवलं.

“वाटलं,” ते म्हणाले. “अगदी जरासा वेळ. पण वाटलं.”

धाकट्यानं मान हलवली. रागावला नाही. उलट त्याला बापाचं हेच उत्तर हवं होतं की काय, असं मास्तरांना वाटून गेलं. रीळ खाली ठेवून तो म्हणाला, “उद्या लंब्या जातोय. त्याच्या घरून कुणी येणार नाहीये. मी जाणार आहे त्याला सोडायला. तुम्ही याल?”

मास्तरांनी चौतीस वर्षांत आजारपण सोडून कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं नव्हतं. गुरुवारी सकाळी शटर खालीच राहिलं. समोरच्यानं ते बघितलं आणि तिकडे आलेल्या दोन गिऱ्हाइकांना मास्तर उद्या भेटतील, असं स्वतः उठून सांगितलं. त्यांना आपल्या दुकानात काही बोलावलं नाही.

मैदानाला तारेचं कुंपण होतं. आत पोरांच्या रांगा, बाहेर बाप, भाऊ, काका, चपलांच्या जोड्या आणि पिशव्या सांभाळत उभे. लंब्या तारेपाशी येऊन मास्तरांच्या पाया पडल्यासारखं काहीतरी करून हसला आणि आपलं घड्याळ धाकट्याकडे देऊन आत पळाला. धावणं झालं. लंब्या पहिल्या वीसात आला. धाकटा तारेला धरून त्याच्या नावानं ओरडत होता, आणि मास्तरांना कळत होतं की हे ओरडणं खरं आहे, त्यात खोट अजिबात नाही. याच पोरानं आपल्याला खोटं ठरवलं होतं, हे त्यांना त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. त्यांना फक्त त्याचा अभिमान वाटला, आणि तो इतका वाटला की त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला उगाचच सांगितलं, “हा माझा धाकटा. कॉलेजात जातोय.”

“माझा आत आहे,” तो माणूस म्हणाला. “निळी चड्डी.” आणि पुन्हा आत बघायला लागला. त्याच्या तोंडावर हसू होतं, आणि तार मात्र त्यानं दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

मास्तरांनी त्या हातांकडे बघितलं. तीन वर्षांनी आपण इथे असेच येणार, आणि तेव्हा शेजारी धाकटा नसेल, तो आत असेल, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा पुरतं समजलं. कॉलेजनं पोरगा आपल्याला दिलेला नव्हता. थोडे दिवस ठेवायला दिला होता.

धावण्यातून निवडलेली पोरं आता उघड्या अंगानं एका टेबलापुढे रांगेत उभी राहिली होती. टेबलामागून एक जवान उठला. तो एकेकाला पुढे घेई, टेप लावी, काही तरी बोले. बोललेलं इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण काय बोलत असेल ते समजत होतं, कारण तो बोलला की पोरगा मान ताठ करून छाती फुगवे. मग आकडा कागदावर जाई आणि पुढचा येई. लंब्याचा नंबर अजून लांब होता.

धाकट्याचं ओरडणं थांबलं होतं. मास्तरांनी हळूच त्याच्याकडे बघितलं. तो तारेपासून जरा मागे सरकून सरळ उभा राहिला होता, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. आतला पोरगा श्वास घेई, तेव्हा हाही घेई. तो रोखून धरी, तोवर हाही धरी. तो सोडून बाजूला झाला की हाही सोडी, आणि पुढच्याची वाट बघे. आपण हे करतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मास्तरांनी नजर काढून घेतली आणि ते मैदानाकडे बघत राहिले. रांग मोठी होती. शेवटचा पोरगा होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत, आणि घरी चल म्हणून त्यांनी त्याला एकदाही म्हटलं नाही.